नाल सापडली म्हणून घोडा?

वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा: वय २९, नोकरी, काम बहुतेक घरूनच. दिवसा आठ तास एक्सेल आणि ईमेल, रात्री दीड-दोन तास गेमिंग. मित्रांबरोबर ऑनलाइन शूटर, सुट्टीला मोठे कथाप्रधान गेम. सध्याचा मॉनिटर २४ इंची, १०८०पी, ६० हर्ट्झचा (म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणारा) आणि सहा वर्षं जुना. ग्राफिक्स कार्ड चार वर्षांपूर्वीचं, मधल्या फळीतलं. शूटरमध्ये सेकंदाला १५० फ्रेम, म्हणजे चित्रं, देतं, जड गेममध्ये ६० च्या आसपास. हातात पडणारा पगार १०० धरला तर महिन्याचा खर्च ८०, बचत २०. अडीअडचणीसाठी दोन महिन्यांचा खर्च बाजूला ठेवलाय. मनात भरलाय तो ३२ इंची, ४के, २४० हर्ट्झचा ओलेड मॉनिटर; त्याच हिशेबात किंमत १३०. जवळ ४० साठलेत, ते आधी भरून उरलेले ९० बारा बिनव्याजी हप्त्यांत फेडायचे. एकरकमी घेतला तर ८ टक्के सूट आहे. दुसरा पर्याय २७ इंची, १४४०पी, १८० हर्ट्झचा आयपीएस (नेहमीचा एलसीडी पडदा), किंमत ३५. मित्र म्हणतात, मॉनिटर दहा वर्षं टिकतो, गुंतवणूक समज आणि चांगलाच घे. काय करू?

नमस्कार.

सगळे आकडे पगाराच्या प्रमाणात मांडून पाठवलेत, त्याबद्दल आधी आभार. माझं निम्मं काम तुम्हीच केलंत. पण पत्रात एक आकडा राहून गेलाय, आणि माझ्या मते अख्खा निर्णय त्याच्यावर उभा आहे. १३० चा मॉनिटर घरात आला की त्याच्या मागोमाग काय काय येणार?

मॉनिटर फ्रेम तयार करत नाही, फक्त दाखवतो. आमच्या पैशांच्या भाषेत सांगायचं तर ग्राफिक्स कार्ड कमावतं आणि मॉनिटर खर्च करतो. आता खर्च करणारा किती हात सैल सोडतो ते बघा. १०८०पी पडद्यावर साधारण २१ लाख पिक्सेल असतात, १४४०पीवर ३७ लाख, आणि ४केवर ८३ लाख. म्हणजे तुमच्या आताच्या मॉनिटरच्या बरोबर चौपट. कमावणारा तोच, कमाई तीच, आणि घरखर्च एकदम चौपट. जड गेममध्ये आज ६० फ्रेम मिळतात, त्या ४केवर विशी-पंचविशीत येतील. पडदा सेकंदाला २४० वेळा चित्र बदलायला तयार, आणि कार्ड २५ फ्रेम हातात ठेवणार.

मग काय होतं, तेही तुम्हाला ठाऊक असेल. दोन महिने सेटिंग लो करून खेळणं होतं, तिसऱ्या महिन्यात नव्या कार्डाचे रिव्ह्यू बघणं सुरू होतं. ४के नीट चालवणारं कार्ड तुमच्या मापात ११० च्या घरात जाईल असं धरू. त्याला पुरेल असा पॉवर सप्लाय लागेल, कदाचित मोठी कॅबिनेटही, त्याचे १५. बेरीज २५५. अडीच पगार, किंवा तुमची सलग तेरा महिन्यांची सगळी बचत. नाल सापडली म्हणून घोडा घेणाऱ्याला आपण हसतो, पण इथे तर नालच घोड्यापेक्षा महाग आहे.

याला एक उत्तर आहे आणि ते तुमच्या बाजूचं आहे, म्हणून सांगायला हवं. डीएलएसएस किंवा एफएसआर ही फ्रेम वाढवणारी तंत्रं चालू केली की गेम आतून कमी रिझोल्यूशनवर चालतो आणि चित्र मोठं करून दाखवलं जातं. ४केवर परफॉर्मन्स मोड लावला तर आतलं चित्र १०८०पीचंच असतं, त्यामुळे फ्रेम बऱ्याच परत मिळतात. शिवाय १०८०पीचा एक पिक्सेल ४केवर बरोब्बर चार पिक्सेलमध्ये बसतो; १४४०पीवर तेच चित्र १.३३ पटीत अडनिडं बसतं आणि थोडं धूसर दिसतं. म्हणजे जुनं कार्ड आणि ४के मॉनिटर यांचा संसार अगदीच अशक्य नाही. पण मग पैसे मोजायचे ८३ लाख पिक्सेलचे आणि त्यातले तीन चतुर्थांश अंदाजाने भरून घ्यायचे, हा व्यवहार मला तरी पटत नाही.

आता ‘बिनव्याजी’ या शब्दाकडे येतो. हा माझा आवडता विषय आहे, घरचे कंटाळलेत.

एकरकमी किंमत १३० वर ८ टक्के सूट, म्हणजे ११९.६. तुम्ही ४० आधी भरणार. म्हणजे खरोखर उसने घेताय ते ७९.६, आणि फेडताय ते साडेसातचे बारा हप्ते, एकूण ९०. वरचे १०.४ हे व्याजच आहे, पावतीवर त्याला काहीही म्हणोत. वरवर पाहता हे १३ टक्के वाटतात. पण पूर्ण ७९.६ काही वर्षभर तुमच्याकडे राहत नाहीत. दर महिन्याला थोडे परत जातात, त्यामुळे वर्षभरात सरासरी जेमतेम निम्मी रक्कम वापरायला मिळते. नीट हिशेब केला तर महिन्याला १.९४ टक्के पडतात, वर्षाला २३ च्या वर. प्रोसेसिंग फी असेल तर ती याच्यावर. तुमच्या बचतीवर २३ टक्के कोणी देत असेल तर मला जरूर कळवा.

मित्रांच्या ‘गुंतवणूक’ या शब्दावर मात्र माझा आक्षेप आहे. टिकाऊ वस्तू आणि गुंतवणूक या दोन वेगळ्या गोष्टी. पाच वर्षांनी मॉनिटर चालू असेल, पण विकायला गेलात तर किंमत येणार नाही. तरी त्यांच्या बोलण्यात एक खरं आहे: मॉनिटर सहसा कार्डापेक्षा जास्त टिकतो, एका मॉनिटरच्या आयुष्यात दोन कार्डं होतात. म्हणून मॉनिटरवर थोडा सढळ हात ठेवावा, इथवर मीही येतो. पुढे येत नाही, कारण पडद्यांचा बाजार उलटा चालतो. २०१४ मध्ये २७ इंच, १४४०पी आणि १४४ हर्ट्झ या तिन्ही गोष्टी एकत्र देणारा मॉनिटर ही चैनीची परमावधी होती. आज तीच मापं मधल्या फळीत येऊन बसलीत. जे वैशिष्ट्य दोन वर्षांनी, नवं कार्ड घेतल्यावर वापरणार, त्याचे आजच्या भावाने पैसे का भरायचे? तोवर ते रिकामं बसणार आणि स्वस्त होत जाणार.

ओलेडबद्दल वेगळं लिहितो, कारण तुमची खरी ओढ ४केपेक्षा ओलेडची आहे असं पत्रावरून वाटलं. ती ओढ चुकीची नाही. त्यात प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो, म्हणून काळा रंग खरोखर काळा दिसतो. आयपीएसला मागचा दिवा सतत लागतो, त्याचा कॉन्ट्रास्ट हजारास एकच्या आसपास राहतो, आणि अंधाऱ्या खोलीत काळं करडं दिसतं. चित्र बदलण्याच्या वेगातही ओलेड कितीतरी पुढे. मी शोरूममध्ये पाहिलाय, आणि दहा मिनिटं हललो नव्हतो.

पण तुम्ही दिवसाचे आठ तास त्याच पडद्यावर एक्सेल उघडून बसणार. टास्कबार एका जागी, रकान्यांच्या रेघा एका जागी, वर तीच हिरवी पट्टी. सतत उजळणारे पिक्सेल लवकर झिजतात आणि तिथे त्या आकृतीची पुसट छाया उरते, यालाच बर्न-इन म्हणतात. कंपन्या यावर उपाय करतात, चित्र किंचित सरकवतात, पडदा आपोआप मंद करतात; काही तर बर्न-इनवर तीन वर्षांची हमी देतात. हप्ते एका वर्षात संपतील, हमी तीन वर्षांत, आणि तुम्ही धरलंय दहा वर्षं. शिवाय अनेक ओलेड पॅनेलमध्ये लाल-हिरवे-निळे उपपिक्सेल नेहमीच्या रांगेत नसतात, त्यामुळे बारीक अक्षरांच्या कडांना रंगीत झालर दिसते. ३२ इंची ४केवर इंचाला १३८ पिक्सेल असल्याने ती फारशी जाणवत नाही, पण आठ तास अक्षरंच वाचणाऱ्याने प्रत्यक्ष बघितल्याशिवाय घेऊ नये. फक्त रात्री गेम खेळण्यासाठी वेगळा पडदा असता तर या परिच्छेदातलं निम्मं मी लिहिलंच नसतं.

आता हर्ट्झ. इथे लोक आकडे वजा करतात आणि फसतात. १४४ मधून ६० गेले की ८४, २४० मधून १४४ गेले की ९६, म्हणजे दुसरी उडी मोठी, असं वाटतं. डोळ्याला दिसतो तो दोन चित्रांमधला वेळ. ६० हर्ट्झला तो १६.७ मिलिसेकंद, १४४ ला ६.९, १८० ला ५.६, २४० ला ४.२. पहिल्या उडीत जवळजवळ दहा मिलिसेकंद वाचतात, १८० वरून २४० वर जाताना दीडसुद्धा नाही. तुम्ही ६० वर आहात, म्हणजे सगळ्यात मोठी कमाई अजून तुमच्यापुढे शिल्लक आहे आणि ती ३५ च्या मॉनिटरमध्येही पुरेपूर मिळते. शूटरमध्ये १५० फ्रेम येतातच, सेटिंग थोडी उतरवलीत तर १४४०पीवरही शंभरीच्या पुढे राहाल. जड गेममध्ये ६० च्या चाळीस-पंचेचाळीस होतील. एक-दोन सेटिंग खाली आणायच्या आणि अडॅप्टिव्ह सिंक चालू ठेवायचं. पडदा कार्डाच्या गतीने चालायला लागला की चित्र मधून फाटत नाही, अडखळणंही कमी होतं. २०१९ पासून एनव्हिडियाची कार्डंही साध्या अडॅप्टिव्ह सिंक मॉनिटरबरोबर चालतात, त्यासाठी जास्तीचे पैसे मोजायची गरज उरलेली नाही.

तेव्हा माझं मत सरळ आहे. ३५ चा २७ इंची घ्या, साठलेल्या ४० मधून, एकरकमी, या महिन्यातच. वाट बघायला सांगत नाही. संकटनिधी तुटपुंजा आहे हे खरं, पण हे पैसे त्याला हात न लावता वेगळे साठवलेत, आणि रोज दहा तास डोळ्यांसमोर असणारी वस्तू सहा वर्षांनी बदलणं ही उधळपट्टी नव्हे. उरलेल्या पाचात मॉनिटर आर्म घ्यायचा असेल तर घ्या. मागे १०० बाय १०० मिलिमीटरची व्हेसा भोकं आहेत ना, एवढं बघा.

आणि जो साडेसातचा हप्ता तुम्ही भरायला तयारच होतात, तो भरा. फक्त स्वतःला. बारा महिन्यांनी ते ९० होतात, म्हणजे एका महिन्याच्या खर्चाहून जास्त. दोन महिन्यांचा निधी तिनाच्या पुढे जाईल, आणि राहणीत काडीचाही फरक पडणार नाही, कारण तो हप्ता तुम्ही मनाने आधीच देऊन टाकला होता.

घेताना खोक्यावरच्या दोन गोष्टींवर पैसे घालवू नका. एक, ‘१ मिलिसेकंद’. हा आकडा बहुधा ओव्हरड्राइव्ह (पिक्सेलना जोराने रंग बदलायला लावणारी सेटिंग) पूर्ण ताणून मोजलेला असतो, आणि तो ताणला की हलत्या वस्तूंच्या मागे उलट्या रंगाची सावली येते. दोन, ‘एचडीआर ४००’, म्हणजे उजेड-अंधारातला फरक जास्त दाखवण्याच्या दाव्याची एक पातळी. त्या पातळीला पडद्याचे भाग वेगवेगळे मंद करण्याची अटच नाही, त्यामुळे नावापलीकडे फार काही हाती लागत नाही. २७ इंचात १०८०पी स्वस्त मिळेल, तोही नको. इंचाला ८२ पिक्सेल म्हणजे तुमच्या आताच्या ९२ पेक्षाही अक्षरं भरड, आणि एक्सेल तर तुमच्या नशिबात आहेच. १४४०पीला १०९ मिळतात.

घरी आणल्यावर परत करण्याची मुदत संपायच्या आत पूर्ण काळा, पांढरा, लाल, हिरवा, निळा असे पडदे लावून मेलेले पिक्सेल आणि कोपऱ्यांतून झिरपणारा उजेड बघून घ्या. आणि विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन रिफ्रेश रेट स्वतः १८० वर करा. माझ्या भाच्याने १४४ हर्ट्झचा मॉनिटर हौसेने घेतला आणि सात महिने ६० वरच वापरला. वर सगळ्यांना सांगायचा की काय फरक पडलाय बघा.

जुना मॉनिटर विकायच्या फंदात पडू नका, सहा वर्षांच्या ६० हर्ट्झला कोण काय देणार. नव्याच्या शेजारी उभा करा आणि दिवसा ईमेल त्याच्यावर टाका.