एसटीच्या संपात कर्मचारी स्वतःच्याच संघटनांवर का उलटले?

तुम्ही विचारलंय की सरकारी आणि महामंडळांच्या कर्मचाऱ्यांना संपाचा आणि सामूहिक वाटाघाटीचा हक्क असावा का, आणि असेल तर २०२१च्या संपात एसटीचे लोक आपल्याच संघटनांना शिव्या का घालत होते. शेवटी जाता जाता, चुलतभाऊ वाहक आहे, त्याने कुठल्या संघटनेच्या वर्गणीची पावती फाडावी हेही विचारलंय. मी औद्योगिक न्यायालयात कामगारांच्या बाजूने वकिली करतो. एसटीचं प्रकरण माझ्याकडे कधीच नव्हतं, पण तो संप मी बारकाईने पाहिला. आधी संघटनांचं सांगतो, म्हणजे हक्काचा प्रश्न सोपा होईल.

त्या संपाच्या काळात महाराष्ट्रात संघटनेला मान्यता मिळायची ती १९७१च्या कायद्याने. लांबलचक नावाऐवजी आम्ही त्याला ‘एमआरटीयू-पल्प’ म्हणतो. त्यात एका आस्थापनेत मान्यताप्राप्त संघटना एकच. मागचे सहा महिने किमान ३० टक्के सदस्यसंख्या दाखवायची, औद्योगिक न्यायालयाने तपासायची, आणि मग व्यवस्थापनाशी बोलायचा अधिकार त्या एकीचा. बाकीच्यांनी गेटवर घोषणा द्याव्यात. मान्यताप्राप्त संघटना असेल तिथे तिच्या बहुसंख्य सदस्यांनी आधी मतदान करून कौल दिल्याशिवाय आणि १४ दिवसांची नोटीस दिल्याशिवाय संप केला, तर तो बेकायदा.

एसटीत मात्र संघटना वीसहून जास्त. काँग्रेसची इंटक, शिवसेनेची कामगार सेना, मनसेची वेगळी, आणि मान्यतेच्या खुर्चीत वर्षानुवर्षं महाराष्ट्र एसटी कामगार संघटना. दर चार वर्षांनी वेतनकरार व्हायचा. कराराची पुस्तिका निघायची, ती वाहकाच्या पेटीत तिकिटांच्या ट्रेशेजारी असायची. ड्युटी लावणारा बाबू अरेरावी करायला लागला की लोक ती उघडून कलम दाखवायचे. कोर्टात मोठमोठे निवाडे फिरतात, पण कामगाराच्या हातातला खरा कायदा म्हणजे ती पुस्तिका.

२०१६ ते २०२०चा करार झालाच नाही. आधी २०१७च्या ऐन दिवाळीत सातव्या वेतन आयोगासाठी चार दिवस संप झाला. उच्च न्यायालयाने तो बेकायदा ठरवला आणि लोक कामावर परतले. मग १ जून २०१८ला, एसटीच्या सत्तराव्या वर्धापनदिनी, परिवहन मंत्री दिवाकर रावते यांनी ४,८४९ कोटींची वेतनवाढ जाहीर करून टाकली. संघटनेची सही नाही, वाटाघाट पुरी झालेली नाही, थेट घोषणा. आठवड्याभरात पुन्हा अघोषित संप झाला. माझ्या मते एसटीतली सामूहिक वाटाघाट त्या १ जूनला संपली. मंत्री देतो आणि कामगार घेतो, अशी रीत पडली की मधल्या संघटनेची वर्गणी कशाला भरायची, हा प्रश्न कामगाराला पडणारच.

आणखी एक गोची होती. परिवहन मंत्रीच महामंडळाचे अध्यक्ष. रावते होते, नंतर अनिल परब होते. भाडं किती असावं, सवलती कुणाला द्याव्यात, हे ठरवणार सरकार. सवलतीचे पैसे वेळेवर द्यायचे की थकवायचे, तेही सरकारच ठरवणार. पगाराची वेळ आली की मात्र कर्मचारी महामंडळाचे, आणि महामंडळ तोट्यात. टेबलापलीकडे बसलेल्या अधिकाऱ्याकडे तिजोरीची किल्लीच नाही, तर त्याच्याशी बोलून काय मिळणार?

करोनात गाड्या उभ्या राहिल्या, पगार लांबले, अनेक कर्मचाऱ्यांनी आत्महत्या केल्या. ऑक्टोबर २०२१च्या शेवटी संघटनांच्या संयुक्त कृती समितीने उपोषण केलं, महागाई भत्त्याचं मान्य झाल्यावर २८ तारखेला ते सोडलं. नेहमीच्या रिवाजाने प्रकरण तिथे मिटायला हवं होतं. पण एकेक आगार बंद पडत गेलं आणि बघता बघता राज्यातली अडीचशे आगारं थंड झाली. ९० हजारांवर कर्मचाऱ्यांच्या तोंडी एकच शब्द: विलीनीकरण. आम्हाला राज्य सरकारचे कर्मचारी करा.

त्या नोव्हेंबरात मी एका तालुक्याच्या स्टँडवर मंडपात जाऊन बसलो होतो. संपाला कोर्टाची मनाई, म्हणून फलकावर ‘संप’ शब्द टाळलेला. आम्ही संपात नाही, दुखवट्यात आहोत, आत्महत्या केलेल्या सहकाऱ्यांच्या दुखवट्यात, असं ते सांगत. न्यायालयातही हाच युक्तिवाद झाला. वकील म्हणून मला हसूही आलं आणि दादही द्यावीशी वाटली. एका वाहकाने पगाराची स्लिप पुढे केली. दहा वर्षांच्या आतली नोकरी. मूळ पगार १२ हजारांच्या घरात, त्यातून बँकेच्या कर्जाचा हप्ता गेलेला, आणि खाली उरलेला आकडा बघून मी स्लिप घडी करून परत दिली. त्याला विचारलं, तुमच्या संघटनेचे लोक कुठे आहेत? म्हणाला, “ते मुंबईला असतात साहेब. आमचा पगार ठरला की फोटो काढायला येतात.”

पुढचं राजकारण तुम्हाला आठवत असेल. सत्तेत महाविकास आघाडी, म्हणून विरोधातला भाजप विलीनीकरणाच्या बाजूने. आझाद मैदानात आमदार गोपीचंद पडळकर आणि सदाभाऊ खोत बसले. २४ नोव्हेंबरला परबांनी वाढ जाहीर केली: दहा वर्षांपर्यंत नोकरी असलेल्यांना मूळ वेतनात ५ हजार, दहा ते वीस वर्षांना ४ हजार, त्यापुढे अडीच हजार. नव्या माणसाला ही ४१ टक्के वाढ होती. दुसऱ्या दिवशी दोन्ही आमदार मैदानातून उठले, कामगार उठले नाहीत. ज्या संघटनेने संपाची नोटीस दिली होती तिचे अजयकुमार गुजर डिसेंबरात माघार घेते झाले, तर लोकांनी त्यांनाच बाजूला सारून वकील गुणरत्न सदावर्ते यांना धरलं. जानेवारीत शरद पवारांच्या उपस्थितीत कृती समितीने कामावर परतायचं आवाहन केलं, तेही वाया गेलं. नेत्याने मागे फिरा म्हणावं आणि फौजेने ऐकू नये, हे पाच महिने चाललं. तोवर हजारोंवर निलंबनाची आणि बडतर्फीची कारवाई झाली.

विलीनीकरण शक्य नाही असा अहवाल मुख्य सचिवांच्या समितीने दिला. एप्रिल २०२२मध्ये उच्च न्यायालयाने २२ तारखेपर्यंत कामावर या, कुणाची नोकरी जाणार नाही, असं सांगितलं. दुसऱ्याच दिवशी पवारांच्या घरावर चाल करून जाण्याचा प्रकार घडला. त्याचं समर्थन मी करणार नाही. त्यानंतर संप विरला. जूनमध्ये सरकार बदललं. विरोधात असताना विलीनीकरणासाठी गळा काढणारे सत्तेत आले आणि विलीनीकरण काही झालं नाही.

मला या मागणीतली खरी गंमत वेगळीच वाटते. विलीनीकरण झालं असतं तर एसटीवाल्यांच्या हातून वाटाघाटीचा हक्कच गेला असता. सरकारी कर्मचाऱ्याचा पगार वेतन आयोग ठरवतो, त्याच्या वर्तणूक नियमांत संपाला मनाई आहे. औद्योगिक न्यायालयाचा दरवाजा, करार, पुस्तिका, सगळं इतिहासजमा. मंडपातल्या लोकांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. एकाने सरळ सांगितलं, हक्क घेऊन काय करू, तलाठ्याला पगार एक तारखेला मिळतो. वाटाघाटीवरचा इतका उघड अविश्वास ठराव मी दुसरा पाहिलेला नाही.

शेजारी काय झालं तेही बघा. आंध्रात १ जानेवारी २०२०पासून तिथल्या एसटीचे कर्मचारी सरकारात गेले. तेलंगणात ऑक्टोबर-नोव्हेंबर २०१९मध्ये ५२ दिवसांचा संप झाला, तेव्हा मुख्यमंत्री के. चंद्रशेखर राव म्हणाले की सुमारे ४८ हजार लोकांनी स्वतःहूनच नोकरी सोडली आहे. संप मोडल्यावर त्यांनी सगळ्यांना परत घेतलं, पण संघटनांना दोन वर्षं बाजूला सारलं आणि त्याऐवजी आगारांत कल्याण समित्या नेमल्या. २०२३मध्ये, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, त्याच सरकारने विलीनीकरणाचा कायदा केला. आधी संघटना बाजूला, मग मागणी मंजूर. हा क्रम मला फार बोलका वाटतो.

आता हक्काचं. राज्यघटनेच्या १९व्या कलमात संघटना करण्याचा हक्क आहे. त्यातून संपाचा किंवा वाटाघाटीचा हक्क आपोआप निघत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६१मध्येच सांगितलं. २००३मध्ये तामिळनाडूच्या मुख्यमंत्री जयललितांनी संपावरच्या सुमारे १ लाख ७० हजार सरकारी कर्मचाऱ्यांना काढून टाकलं, तेव्हा न्यायालयाने पुढे जाऊन म्हटलं की सरकारी नोकराला संपाचा मूलभूत हक्क नाही, कायदेशीर नाही, आणि त्याला नैतिक आधारही नाही. हा निकाल मला पटत नाही. प्रत्यक्षात संप होतातच. र. ग. कर्णिकांच्या नेतृत्वाखाली १९७७-७८मध्ये राज्य कर्मचारी ५४ दिवस संपावर होते. मार्च २०२३मध्ये जुन्या पेन्शनसाठी लाखो लोक बाहेर पडले. हक्क नाकारल्याने संप थांबत नाही, फक्त बोलायला जबाबदार माणूस उरत नाही. एसटीत तेच झालं.

दुसरी बाजू मला कळते. खेड्यातल्या पोरीची शाळा आणि म्हातारीचा दवाखाना त्याच एका गाडीवर असतो, तिथे पाच महिने चाकं थांबणं हा अन्याय आहे. म्हणून माझं उत्तर: वाटाघाटीचा हक्क पूर्ण हवा. संपाला नोटीस आणि गुप्त मतदानाची अट चालेल. पण करार ठरल्या मुदतीत झाला नाही तर प्रकरण लवादाकडे जावं आणि निवाडा सरकारवरही बंधनकारक असावा. केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी १९६६पासून संयुक्त सल्लागार यंत्रणा आहे, तिच्यात ठरावीक विषयांवर लवादाची सोय आहे, म्हणजे कल्पना काही परग्रहावरची नाही. आणि मान्यता पावत्या मोजून नको, मतपेटीतून ठरावी. एकच माणूस तीन संघटनांच्या पावत्या फाडतो, हे औद्योगिक न्यायालयातल्या प्रत्येकाला माहीत आहे.

सप्टेंबर २०२४मध्ये गणपतीच्या तोंडावर कृती समितीने संप केला आणि दोन दिवसांत मूळ पगारात साडेसहा हजारांची वाढ पदरात पडली. संघटनांनी पाठ थोपटून घेतली. मी विधानसभेच्या निवडणुकीचं कॅलेंडर बघितलं.

चुलतभावाला सांगा, पावती मागायला येईल त्याला तीन गोष्टी विचार. करार व्हावा म्हणून लेखी पत्रव्यवहार काय केलाय, त्याची प्रत. गेल्या वर्षीच्या वर्गणीचा हिशोब. आणि आगारातल्या कुणा सदस्याची केस औद्योगिक न्यायालयात चालवली असेल तर तिचा नंबर. तिसऱ्या प्रश्नावर जो गप्प होणार नाही, त्याची पावती फाडायला हरकत नाही.