डिप्रेशनची गोळी सुरू केल्यावर त्रास उलट वाढलाय, बंद करू का?

एस्सिटालोप्राम सुरू करून ५ दिवस झाले, सकाळी मळमळ, रात्री झोप नाही, धडधड आधीपेक्षा जास्त आणि घरचे म्हणतायत बंद कर, असं तुम्ही लिहिलंय. वाचलं आणि हातातलं काम तसंच ठेवून उत्तर लिहायला बसले. कारण मी सहाव्या दिवशी बंद केली होती आणि त्यापायी माझे ७ महिने गेले.

मला पहिल्या डॉक्टरांनी १० मिलिग्रॅम लिहून दिली, १५ दिवसांनी या म्हणाले, बास. काय होऊ शकतं याबद्दल एक अक्षर नाही. मी आपली रोज गोळी घेऊन वाट बघतेय की आज बरं वाटेल, उद्या वाटेल. दुसऱ्या दिवशी दात घासतानाच कोरड्या उलट्या. मग जांभया सुरू झाल्या, म्हणजे झोप आलेली नाही तरी एकामागून एक जांभया, डोळ्यातून पाणी येईपर्यंत. हाही साइड इफेक्टच असतो हे मला फार उशिरा कळलं. रात्री दोनला टक्क जाग, आणि त्याआधी जी काही झोप लागायची त्यात स्वप्नं इतकी खरी की उठल्यावर घरात कुणी आहे का बघून यायचे. पाचव्या रात्री हात थरथरायला लागले, छाती धडधडत होती, मला वाटलं हार्ट अटॅकच आहे हा, आणि मी दादाला फोन लावला.

दादा पहिल्यापासून या गोळ्यांच्या विरोधात. तो अर्ध्या तासात आला, बसला, पाणी दिलं, रात्रभर थांबला, हे सगळं त्याने मनापासून केलं ते मी विसरत नाही. पण सकाळी निघताना टेबलावरचं पाकीट उचलून त्याने खिशात टाकलं. म्हणाला, चांगली हिंडतीफिरती होतीस, बघ काय करून घेतलंस. आणि मला हायसं वाटलं! तीन-चार दिवसांत मळमळ गेली, हात थांबले, म्हणजे दादाचंच खरं ठरलं ना. पण ज्याच्यासाठी गोळी घेतली होती ते कुठे गेलं होतं? ते तिथेच होतं. पुढचे ७ महिने चार-चार दिवस आंघोळ नाही, फोन उचलायचा नाही, शेवटी नोकरीवर पाणी सोडलं.

दुसऱ्या वेळी डॉक्टर वेगळ्या होत्या. त्यांनी औषध तेच दिलं, पण ५ मिलिग्रॅम, म्हणजे अर्धी गोळी, सकाळी पोटभर खाल्ल्यावर, आणि ८ दिवसांनी पूर्ण. लिहून देण्याआधी त्यांनी सांगितलं की यात त्रास आधी येतो आणि फायदा मागून येतो. त्रास बहुतेकांना पहिले एक-दोन आठवडे, बरं वाटायला लागायला २ ते ४ आठवडे, आणि गोळी लागू पडतेय की नाही हे नीट कळायला ६ ते ८. ही गोळी सेरोटोनिन नावाच्या ज्या रसायनावर काम करते, ते शरीरातलं ९० टक्क्यांच्या आसपास आतड्यात असतं, म्हणून पोट पहिलं कुरकुरतं. झालं एवढंच. मळमळ आली, जांभया आल्या, पण मी घाबरले नाही, कॅलेंडरवर रोज फुली मारत गेले. अकराव्या दिवशी मळमळ थांबली. पाचव्या आठवड्यात एकदा कपडे वाळत घालून आत आले आणि लक्षात आलं की आज एवढ्यासाठी स्वतःशी भांडावं लागलं नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की जो डॉक्टर पहिल्या दोन आठवड्यांचं सांगत नाही तो अर्धंच औषध देतो.

तुमच्या बाबतीत, झोप उडत असेल तर गोळी सकाळी घ्यायची का ते विचारा, गुंगी येत असती तर उलट रात्री घेतात. उपाशीपोटी नको. कॉफी कमी करा, त्याने धडधड आणखी वाढते. दारू बंद. एखादी गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. आणि एक, ज्यावर कुणीच बोलत नाही, सेक्सची इच्छा जाणं किंवा शेवटपर्यंत न पोचणं. मळमळीसारखं हे आपोआप जाईल असं धरून चालू नका, अनेकांचं गोळी चालू असेपर्यंत राहतं. लाज न वाटून घेता सांगा, डोस कमी करता येतो, औषध बदलता येतं. मी ८ महिने गप्प बसले, कशाला बसले माहीत नाही.

आता घरच्यांचं. दादाला बीपी आहे. त्याच्या पहिल्या गोळीने त्याला कोरडा खोकला लागला, रात्र रात्र खोकायचा, रामिप्रिलने होतो तसा. डॉक्टरांनी गोळी बदलली, खोकला गेला. तेव्हा घरात कुणी म्हणालं का की बीपीच्या गोळ्याच वाईट, मन घट्ट कर? मी त्याला हे तीनदा विचारलंय, उत्तर नाही. सवय लागते म्हणतो. व्यसनात तलफ येते, डोस वाढवत न्यावासा वाटतो, इथे तसं काही नाही. बरेच महिने घेऊन एकदम सोडली तर चक्कर येते, डोक्यात करंट लागल्यासारखं होतं, हे खरं आहे, म्हणून तर ती डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करायची.

एक गोष्ट खरं तर वरच लिहायला हवी होती. तुम्ही वय सांगितलेलं नाही. २५ च्या आतल्यांमध्ये सुरुवातीला आत्महत्येचे विचार वाढू शकतात, अमेरिकेत औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेने २००४ मध्ये मुलांसाठी तसा ठळक इशारा द्यायला लावला आणि २००७ मध्ये तो २४ वर्षांपर्यंत वाढवला. वय काहीही असो, तसे विचार आले, एका जागी बसवेना इतकी अस्वस्थता झाली, किंवा झोप नसूनही अंगात भलताच जोर आणि डोकं सुसाट पळतंय असं झालं तर त्याच दिवशी डॉक्टर. घरात कुणाला बायपोलर, म्हणजे मन कधी एकदम खाली तर कधी भलतंच वर जाण्याचा आजार असेल तर तेही सांगा. ताप, अंग ताठ होणं, बरळणं असं एकत्र झालं तर थेट हॉस्पिटल. ट्रॅमाडॉलसारखी दुखण्याची गोळी किंवा मायग्रेनचं औषध चालू असेल तर न लपवता सांगा.

मग बंद करू का? स्वतःहून नका करू. आजच डॉक्टरांना फोन करून इथे लिहिलंय तसंच सांगा, ५ दिवस, झोप नाही, धडधड वाढली, आणि डोस अर्धा करता येईल का ते विचारा. आणि पुढच्या वेळी जाताना घरचं जे माणूस बंद कर म्हणतंय त्यालाच सोबत न्या, त्याचे प्रश्न त्याला डॉक्टरांसमोर विचारू द्या. मी दादाला कधी नेलं नाही.