दम लवकर येतो, पाय उशिरा येतात

घोड्याला रोज डांबरी रस्त्यावर ट्रॉट, म्हणजे दुडकी चाल, करायला लावायचं की नाही, यावर तीन जणांनी तुला तीन उत्तरं दिली आणि तू पार गोंधळलीस, ते तुझ्या मेसेजवरून कळलंच. एक म्हणतो रस्त्यावर पिटाळ, पाय कडक होतात. दुसरा म्हणतो रस्त्यावर नेलास की घोडा संपला. तिसऱ्याने नुसती व्हिडिओची लिंक पाठवली. पण घोडा आधी काय काम करायचा, किती महिने उभा होता, पायात नाल कुठली आहे, हे तिघांपैकी एकानेही विचारलं नाही, आणि अगं उत्तर तर तिथेच आहे.

दम लवकर येतो, पाय उशिरा येतात. म्हणजे हृदय-फुप्फुसं लवकर तयार होतात, पाय उशिरा. बाकी सगळं विसरलीस तरी चालेल, हे तेवढं विसरू नकोस.

तुझा घोडा महालक्ष्मीच्या रेसच्या ट्रॅकवरून रिटायर होऊन आलाय, म्हणजे लहान वयापासून गॅलप केलेला, त्याच्या हृदयाला मेहनत नवीन नाही. तीन-चार आठवडे नीट काम दिलंस की तो कान टवकारणार, लगाम ओढणार, आणि तुला वाटणार झाला की फिट! इथेच माणसं फसतात. हृदय, फुप्फुसं, मसल आठवड्यांत सुधारतात. टेंडन, म्हणजे मसलला हाडाशी बांधणारा दोर, आणि लिगामेंट, म्हणजे हाडाला हाडाशी बांधणारा, यांना महिने लागतात कारण तिथे मुळात रक्तपुरवठाच कमी. हाडाचं तर आणखी वेगळं, नवं काम सुरू झालं की हाड आधी जुना भाग झिजवून काढतं आणि मग तिथे नवा भरतं, आणि मधल्या काळात ते कच्चं असतं, नेमकं तेव्हाच घोडा जोरात असतो. खूर तर महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतो, खुराचा पुढचा भाग पूर्ण नवा यायला जवळपास वर्ष जातं. म्हणून म्हणतो, दम बघून काम वाढवू नकोस, पाय बघून वाढव.

आता रस्ता. रस्त्याला सरसकट शिव्या देणाऱ्यांचाही मला रागच येतो. कडक सपाट रस्त्यावरचा वॉक ही पायांसाठी सगळ्यात चांगली सुरुवात आहे. पहिले सहा आठवडे फक्त वॉक, ताशी 6 किलोमीटरच्या आसपास, रेंगाळत नाही तर झपाझप, अर्ध्या तासापासून सुरू करून हळूहळू दीड तासापर्यंत. तू लिहिलंयस की वॉकने बोअर होतं. घोडा बोअर होत नाहीये, तू होतेयस, आणि त्याची किंमत त्याच्या पायांनी का द्यायची?

त्यानंतर ट्रॉट, तोही आधी तुझ्या तबेल्यामागे शेताकडेने जाते त्या मातीच्या वाटेवर, चढाच्या बाजूला, कारण हलक्या चढावर दम आणि मागचे मसल दोन्ही बनतात आणि पुढच्या पायांना दणका कमी बसतो. डांबरावरचा ट्रॉट एक-दोन मिनिटांच्या तुकड्यांत, सरळ, सपाट, आणि उतारावर कधीच नाही. ट्रॉटमध्ये तिरके दोन पाय एकत्र पडतात, तू रायझिंग, म्हणजे ठेक्यावर उठबस, करताना एकाच जोडीवर बसत राहिलीस तर जास्त भार त्याच जोडीवर जातो, म्हणून डायगोनल, म्हणजे बसायची जोडी, बदलत राहा, सरळ रस्त्यावर आपण हे हमखास विसरतो.

नाल बघितलीस का? रेसच्या घोड्यांना ॲल्युमिनियमची हलकी प्लेट असते, ती रस्त्यावर बघता बघता झिजते. नालबंदाला सांग रोजच्या कामाची लोखंडी नाल ठोकायला, आणि पाच-सहा आठवड्यांनी परत बोलव, नाल शिल्लक दिसते म्हणून ढकलत नेऊ नकोस. झिजून गुळगुळीत झालेली नाल डांबरावर घसरते. माथेरानच्या घोडेवाल्यांनी पेव्हर ब्लॉकला विरोध केला तो याच भीतीने, लाल मातीवर जो पाय धरतो तो ब्लॉकवर सटकतो. पावसाळ्यात शेवाळलेल्या रस्त्यावर ट्रॉट नकोच.

आणि रस्त्याचा खरा उपयोग कोणी सांगितला नसेल तो मी सांगतो. ऐकायला शिक. मऊ जमिनीवर घोडा बराचसा लंगडेपणा लपवतो, कडक जमिनीवरच्या ट्रॉटमध्ये तो सहसा लपत नाही. टापांचे दोन ठोके, एकसारखे, एकाच वजनाचे. एक ठोका हलका आला की थांब. मी लहानपणी मरीन ड्राइव्हवर व्हिक्टोरिया, म्हणजे घोडागाड्या, ऐकत मोठा झालो, कितीतरी घोड्यांचे ठोके वाकडे असायचे आणि वर पर्यटक हसत बसलेले असायचे. 2015 मध्ये हायकोर्टाने त्या गाड्या बेकायदा ठरवल्या तेव्हा घोडेवाल्यांच्या पोटाचं मला वाईट वाटलं, पण त्या ठोक्यांचं जास्त वाटायचं.

माझ्याकडे तयारीला एक घोडी होती, माझी नव्हे, मालक दुसरे. लांब पल्ल्याच्या राइडला आठवडा राहिला असताना ठोक्यात मला फरक ऐकू आला. पायाला सूज नाही, दम तर एकदम फर्स्ट क्लास. मी राइडमधून तिचं नाव काढून घेतलं. मालक म्हणाले तू घाबरट आहेस, घोडी दुसऱ्याकडे दिली, त्याने पळवली, पुढे तिचा टेंडन गेला आणि ती परत कामावर आलीच नाही. लोक आजही म्हणतात हा घोडे फार हळू तयार करतो. हो, करतो. माझ्या हाताखालून गेलेले घोडे म्हातारे होईपर्यंत आपल्या पायांवर चालले आणि हे मी कोणालाही तोंडावर सांगेन. हळहळ एकच आहे, ती घोडी मला परत बसायला मिळाली नाही.

असो. दम मोजायचाच असेल तर अंदाजाने नको, स्टेथोस्कोप घे. सकाळी उभ्या घोड्याच्या हृदयाचे ठोके मिनिटाला 30 ते 40 च्या आसपास असतात. काम थांबवल्यावर 10 ते 15 मिनिटांत 64 च्या खाली आले पाहिजेत. नाही आले तर काम जास्त झालं किंवा उकाडा जास्त आहे, आणि आपल्या दमट हवेत घाम सुकतच नाही म्हणून अंग थंड होत नाही. अंगावर गार पाणी ओत, ओततच राहा. प्यायला पाणी दे, गरम घोड्याला पाणी देऊ नये हे जुनं खूळ डोक्यातून काढ. आपल्यापेक्षा त्याच्या घामात मीठ जास्त जातं, तेव्हा तोबऱ्यात मीठ हवंच.

पण हे सगळं नंतर, कारण मेसेजच्या शेवटी तू सहज म्हणून लिहिलंस की पुढचा डावा पाय सकाळी जरा गरम लागतो आणि थोडा ट्रॉट केला की ठीक होतो. अगं हे शेवटी लिहायची गोष्ट आहे का! कामाने गरमी जात नाही, तुझ्या हाताला कळेनाशी होते, तेवढंच. नळीच्या, म्हणजे गुडघ्याखालच्या हाडाच्या, मागे टेंडन आहे, तो दुखायला लागेपर्यंत आत धागे तुटलेले असू शकतात. आजपासून ट्रॉट बंद. व्हेटला बोलव, सोनोग्राफी करून घे, खर्चाचं आपण बघू, त्यावर वाद घालू नकोस. तोपर्यंत रोज सकाळी कामाआधी दोन्ही पुढच्या नळ्यांवर हात फिरव आणि जे वाटेल ते वहीत लिही.

व्हेट समोर असताना तो ट्रॉट करून बघेलच, तेव्हा समोरून आणि बाजूने व्हिडिओ काढून मला पाठव. पुढचा दुखरा पाय जमिनीवर टेकताना डोकं वर जातं, ते मला बघायचंय. मोतद्दाराला दोरी ढिली धरायला सांग, ताणून धरली की डोकं हलताना दिसतच नाही.