बिघडलेला जॉब लपवणारी मुलं

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातल्या एका आयटीआयमध्ये एम्प्लॉयबिलिटी स्किल्स हा विषय शिकवते. संवादकौशल्याची व्याख्या मुलं घडाघडा म्हणतात, पण कॅम्पस मुलाखतीत तोंड उघडत नाहीत. चाकणला अप्रेंटिस म्हणून गेलेल्यांबद्दल कंपनीची तक्रार आहे : काही बिघडलं तर सांगत नाहीत, नुसती मान खाली घालून उभी राहतात. वर्गात मी वेगळं काय करू?

उत्तर : ताई, ही तक्रार मला चांगलीच ओळखीची आहे. भोसरीच्या मशीन शॉपमध्ये मी सुपरवायझर होतो. सीएनसी लेथवर (संगणकाने चालणाऱ्या कातयंत्रावर) इन्सर्ट, म्हणजे धातू कापणारा छोटा तुकडा, झिजत गेला की जॉबचा, म्हणजे घडवत असलेल्या भागाचा, बाहेरचा व्यास हळूहळू वाढत जातो. मुलगा मायक्रोमीटर लावतो, त्याला ते दिसतं. त्याच वेळी सांगितलं तर ऑफसेट देऊन (मशीनमध्ये मापाची दुरुस्ती भरून) किंवा इन्सर्ट बदलून काम काही मिनिटांत मार्गी लागतं. तो गप्प राहिला तर पाळी संपेपर्यंत क्रेट भरून रिजेक्शन. मापं त्याला येतात, ओरडा खायची भीती त्याला गप्प बसवते. ही भीती व्याख्यांनी जात नाही.

म्हणून शिल्पनिदेशकांना, म्हणजे ट्रेड शिकवणाऱ्या शिक्षकांना, सोबत घ्या आणि तुमचा तास वर्कशॉपमध्ये न्या. फिटरच्या एका गटाला जॉब अर्धवट सोडायला लावा आणि दुसऱ्या गटाने तो पुढे न्यायचा. मधे फक्त तोंडी चार्ज द्यायचा : काय झालं, काय राहिलं, शेवटचं माप किती आलं, कुठे जपायचं. घेणाऱ्याने ते आपल्या शब्दांत परत सांगायचं. मग तेच लॉगबुकात तीन ओळींत, मराठीतच. ट्रेडला मुली असतील तर वही आपोआप त्यांच्याकडे सरकते. तसं होऊ देऊ नका, चार्ज त्यांनाही द्यायला लावा.

कधी ड्रॉइंगमध्ये मुद्दाम एक माप चुकीचं ठेवा. जो उठून विचारेल त्याचं सगळ्यांसमोर कौतुक करा. जॉब बिघडल्याचं कुणी स्वतःहून सांगितलं, तर तुमचा पहिला प्रश्न ‘कधी लक्षात आलं?’ हा असू द्या. ‘असं का केलंस?’ नंतर विचारता येतं. मुलं त्या पहिल्या वाक्यावरून ठरवतात, पुढच्या वेळी सांगायचं की नाही. माझ्या मते या सगळ्यात हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे, आणि ती शिल्पनिदेशकांनाही पटवावी लागेल.

मुलाखतीसाठी इंग्रजी वाक्यं पाठ करून घेऊ नका. मुलाच्या हातात त्याने केलेला जॉब द्या आणि बोलायला सांगा : कुठली फाइल (कानस) वापरली, फिटिंग कुठे घट्ट बसत होतं, मग काय केलं. हातात वस्तू असली की मुलगा बोलतो. ‘व्हय’ म्हणाला तरी चालेल. चाकणला शेजारच्या मशीनवर बिहारचा किंवा ओडिशाचा माणूस असणार, त्यामुळे कामापुरतं हिंदी मात्र बोलायला लावा.

परीक्षा बहुपर्यायी, संगणकावर होते. तिच्यासाठी व्याख्या लागतातच. त्या शेवटच्या आठवड्यांत उरकून घ्या. आणि तक्रार करणाऱ्या त्या कंपनीकडेच पाळी बदलताना भरायच्या रजिस्टरचा कोरा नमुना मागा. वर्कशॉपमधला चार्ज त्याच रकान्यांत लिहून घ्या.