ठाणे–अंधेरी रोजच्या प्रवासासाठी जुनी इलेक्ट्रिक गाडी घ्यावी का?

तुम्ही लिहिलंय की घोडबंदर रोडवरून अंधेरी एमआयडीसीला रोज साधारण ५० किलोमीटर ये-जा होते, २०२१ची टाटा नेक्सॉन ईव्ही मिळतेय, पण थंडीत रेंज (एका चार्जमध्ये गाडी जाते ते अंतर) निम्म्यावर येते असे परदेशी व्हिडिओ बघून हात आखडलाय. मी मुलुंडला राहतो आणि २०२३पासून अशीच एक सेकंड-हँड नेक्सॉन चालवतोय, म्हणून लिहितो.

थंडीचं आधी मिटवू. ते व्हिडिओ अगदीच खोटे नाहीत. पेट्रोलच्या गाडीत इंजिनाची वाया जाणारी उष्णता केबिन गरम करते. इलेक्ट्रिकमध्ये ही फुकटची ऊब नाही, हीटर सरळ बॅटरीतून खातो. त्यात शून्याखाली बॅटरीतले सेलही सुस्तावतात. ऑस्लोत बाहेर उणे १० आणि आत २० म्हणजे ३० अंशांचा फरक भरून काढायचा. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ३५ आणि आत २४, म्हणजे ११. मुंबईत सांताक्रूझचा नीचांक ७.४ अंश, तोही १९६२च्या जानेवारीतला! (आणि त्याच नॉर्वेत २०२४मध्ये विकल्या गेलेल्या दर दहा नव्या गाड्यांपैकी जवळजवळ नऊ इलेक्ट्रिक होत्या.)

आपल्याकडे एसी खातो, पण तो किलोमीटरवर नव्हे, तासावर. जेव्हीएलआरला (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडला) दीड तास अडकलात तर अंदाजे दीड युनिट, म्हणजे दहाएक किलोमीटरची रेंज गेली. एवढंच.

जुन्या नेक्सॉनची बॅटरी ३०.२ युनिटची. कागदावर रेंज ३१२ किलोमीटर, माझी गाडी एसी लावून १७०-१८० देते. तुमची गरज ५०ची. बॅटरी थकून १४०वर आली तरी दोन दिवस आरामात निघतात. रेंजची चिंता सोडा आणि रात्री गाडी कुठे उभी राहणार ते बघा.

माझं घोडं इथेच अडलं होतं. गाडी आधी घेतली, सोसायटीला नंतर विचारलं. कमिटीत एकाला आगीची भीती, दुसऱ्याचं म्हणणं ‘आज तुम्हाला दिलं तर उद्या सगळे मागतील’. मीटर रूमपासून माझ्या पार्किंगपर्यंत केबल टाकायची, स्वतंत्र मीटर घ्यायचा, अर्थिंग तपासून घ्यायचं, यात पाच महिने गेले. तोवर दर रविवारी मॉलच्या फास्ट चार्जरवर तासभर चहा पीत बसायचो. तिथला युनिटचा दर घरच्यापेक्षा बराच जास्त, त्यामुळे पेट्रोल वाचवल्याचा आनंद अर्धा झाला. आता साध्या १५ अँपिअरच्या प्लगवर रात्री लावतो, सकाळी गाडी फुल.

दुसरी गोष्ट पावसाची. बॅटरी आयपी६७ असते, म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकेल अशी चाचणी झालेली. पण ती नव्या, न उघडलेल्या, न ठोकलेल्या बॅटरीची गोष्ट. मुंबईतल्या गाडीचं पावसाळ्यात काय झालं होतं ते विक्रेता आपणहून सांगत नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, चिखलाची रेघ दिसते. सीटखालच्या रुळांवर गंज आहे का, कार्पेटखाली हात घातल्यावर ओल किंवा कुबट वास येतो का, तेही बघा. मला आधी दाखवलेल्या एका गाडीत ही रेघ सापडली. डीलर म्हणाला, ‘वॉशिंगचं पाणी असेल साहेब.’ मी नमस्कार करून निघालो.

बॅटरीवर ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी होती, म्हणजे तुमच्या गाडीची २०२९पर्यंत पोचते. ती दुसऱ्या मालकाला लागू होते का, हे सर्व्हिस सेंटरकडून लेखी घ्या आणि तिथूनच बॅटरीच्या तब्येतीचा रिपोर्ट काढून घ्या. नुसत्या स्क्रीनवरच्या आकड्यावर जाऊ नका. शक्य असेल तर १०० टक्क्यांपासून २० टक्क्यांपर्यंत एसी लावून स्वतः चालवा. १३० किलोमीटरच्या आसपास निघाले तर घ्यायला हरकत नाही, ९० निघाले तर सोडून द्या.

टोकन मात्र चार्जिंगसाठी सोसायटीची एनओसी (ना-हरकत पत्र) हातात आल्यावरच द्या. आणि पार्किंग कसलं आहे ते कळवा. स्टॅकचं, म्हणजे एकावर एक गाड्या चढवायचं, असेल तर चार्जिंगचं गणितच वेगळं होतं, मग मी आत्ता तरी पेट्रोलवरच राहा म्हणेन.