प्रश्नोत्तरे : लिनक्सवरचा डेस्कटॉप घरचा की पाहुणा?

जुन्या संगणकांवर लिनक्स बसवण्याविषयी या सदरात लिहिल्यावर नाशिक आणि परिसरातून बरीच पत्रे आली. त्यांतील चार प्रश्न एकाच धाग्याचे असल्याने ते येथे एकत्र घेतले आहेत. येथे डेस्कटॉप म्हणजे खिडक्या, मेनू आणि सेटिंग दाखवणारे वातावरण; नोम, केडीई प्लाझ्मा (थोडक्यात केडीई किंवा प्लाझ्मा) आणि एक्सएफसीई ही अशा वातावरणांची नावे. डिस्ट्रो म्हणजे उबुंटूसारखी लिनक्सची तयार मांडणी. तिच्यात कोणता डेस्कटॉप घरचा आणि कोणता पाहुणा, हा या प्रश्नांचा धागा.

प्रश्न : कॉलेज रोडवर माझे शिकवणी वर्ग आहेत. ४ जीबी रॅमचे आठ संगणक आहेत. उबुंटू २४.०४ ला पाच वर्षे अपडेट मिळतात, म्हणून त्याच आवृत्तीचे झुबुंटू टाकणार आहे. आतून ते उबुंटूच ना?

आतून उबुंटूच आहे, पण पाच वर्षांची हमी घरातील सगळ्यांना सारखी लागू नाही. उबुंटूच्या पॅकेज भांडारात, म्हणजे जेथून प्रोग्राम उतरवून बसवले जातात तेथे, ‘मेन’ आणि ‘युनिव्हर्स’ असे दोन मोठे विभाग आहेत. ‘मेन’मधील पॅकेजांची जबाबदारी कॅनॉनिकल ही कंपनी स्वतः घेते आणि नोम डेस्कटॉप तेथे बसतो. झुबुंटूचा एक्सएफसीई आणि कुबुंटूचा केडीई प्लाझ्मा ‘युनिव्हर्स’मध्ये आहेत, म्हणजे त्यांची देखभाल मुख्यतः स्वयंसेवकांवर अवलंबून असते. त्यामुळे झुबुंटू आणि कुबुंटू यांच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्त्यांना पाचऐवजी तीनच वर्षे आधार मिळतो. २४.०४ च्या बाबतीत ही मुदत एप्रिल २०२७ मध्ये संपते.

कॅनॉनिकलची ‘उबुंटू प्रो’ ही वर्गणी घेतल्यास ‘युनिव्हर्स’लाही सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात, परंतु ती विनामूल्य मिळते ती पाच संगणकांपर्यंतच. आपले आठ आहेत.

आपल्या जागी मी उबुंटूवरच बेतलेल्या लिनक्स मिंट २२ ची एक्सएफसीई आवृत्ती घेतली असती. मिंटने तिच्यासाठी २०२९ पर्यंतचा आधार जाहीर केला आहे. मिंटवाल्यांनी १८.३ नंतर केडीईची आवृत्ती बंद केली, तेव्हा पुष्कळ लोक नाराज झाले होते. मला मात्र ते प्रामाणिकपणाचे वाटले, कारण सांभाळता येतील तेवढेच डेस्कटॉप हाती घेणे हे दहा डेस्कटॉपांची यादी मिरवण्यापेक्षा बरे. बाकी ४ जीबीची खरी परीक्षा डेस्कटॉपपेक्षा ब्राउझर घेतो, हे मुलांना पंधरा-पंधरा टॅब उघडू देण्यापूर्वी लक्षात असू द्यावे.

प्रश्न : सातपूर येथील आमच्या कारखान्यात डिझाइनच्या संगणकांवर रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ७ होते आणि सगळ्यांना केडीईची सवय होती. नवी आवृत्ती घेतली तर इन्स्टॉलरमध्ये केडीई दिसतच नाही. आमचे काही चुकले का?

आपले काहीच चुकलेले नाही. रेड हॅटने ७.६ च्या वेळी, २०१८ मध्येच, केडीई पुढे काढून टाकणार असल्याचे सांगितले होते आणि २०१९ मध्ये आलेल्या आवृत्ती ८ पासून मूळ भांडारात फक्त नोम राहिला. अनेक वर्षे पैसे घेऊन ज्याच्या दुरुस्तीची जबाबदारी घ्यायची, असे एकच वातावरण ठेवणे कंपनीला सोयीचे, असा त्यामागचा व्यवहार मला दिसतो.

केडीई आजही ‘एपेल’ या जोड-भांडारातून बसवता येतो. ते फेडोरा या रेड हॅटच्या पाठबळावरील डिस्ट्रोशी संबंधित स्वयंसेवक चालवतात आणि त्यांचे काम चांगले आहे, मात्र रेड हॅटचा सशुल्क आधार त्याला लागू होत नाही. मूळ प्रणालीची नवी उपआवृत्ती आली की एपेलमधील पॅकेजे तिच्याशी पुन्हा जुळेपर्यंत कधी कधी थांबावे लागते. कॅडच्या संगणकावर सोमवारी सकाळी हा अनुभव नको असेल, तर कामगारांना नोमची सवय लावणे स्वस्त पडेल.

प्रश्न : उबुंटूवर केडीई वेगळा बसवला. आता दोन-दोन सॉफ्टवेअर केंद्रे दिसतात, पासवर्ड दोनदा विचारला जातो आणि नोममध्ये परतल्यावर रंग व आयकॉन बिघडलेले असतात. काढून टाकला तरी फरक नाही. — नाशिक रोड

असाच गोंधळ मी स्वतः एकदा घालून बसलो होतो आणि त्यात एक अख्खा रविवार गेला होता. प्रत्येक डेस्कटॉप आपले पासवर्डचे कपाट, अपडेटची सूचना देणारा कार्यक्रम आणि प्रवेशाचा पडदा सोबत आणतो. शिवाय प्लाझ्मा इतर प्रोग्रामही आपल्यासारखे दिसावेत म्हणून वापरकर्त्याच्या होम फोल्डरमधील लपलेल्या ‘कॉन्फिग’ फोल्डरात नोमच्या प्रोग्रामांसाठी रंग-आयकॉनच्या नोंदी करून ठेवतो. पॅकेज काढले तरी या नोंदी राहतात, कारण पॅकेज व्यवस्थापक वापरकर्त्याच्या होम फोल्डरला हात लावत नाही. ‘कुबुंटू-डेस्कटॉप’ हे पॅकेजही केवळ यादीवजा असते, ते काढल्याने यादीतील शेकडो पॅकेजे आपोआप निघतातच असे नाही.

आधी एक नवे वापरकर्ता खाते उघडून पाहा. तेथे नोम नीट दिसला, तर दोष जुन्या नोंदींचा आहे. केडीईच हवा असल्यास कागदपत्रांची प्रत बाहेर काढून कुबुंटू कोरे बसवणे हा कमी त्रासाचा मार्ग आहे. ज्या घरात डेस्कटॉप पाहुणा म्हणून येतो, तेथे अशी भांडी आपटणारच.

प्रश्न : सगळ्या डेस्कटॉपांना समान वागवणारी डिस्ट्रो आहे का? — देवळाली कॅम्प

इन्स्टॉलरच्या पडद्यावर डेबियन समान वागवते. नोम, प्लाझ्मा, एक्सएफसीई, सिनॅमन, माटे असे पर्याय शेजारी शेजारी असतात आणि सगळे एकाच मुख्य भांडारातून येतात. पण पडद्यामागे माणसे सारखी नसतात. जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ मध्ये नोम ४३ च्या किरकोळ दुरुस्त्या नंतर ४३.९ पर्यंत पोहोचल्या, तर प्लाझ्मा ५.२७.५ वरच थांबला. केडीईने मात्र ५.२७ मालिकेत ५.२७.१२ पर्यंत दुरुस्त्या काढल्या. नियम सर्वांना एकच होते, फरक पडला तो डेबियनमधील त्या त्या डेस्कटॉपच्या चमूने मूळ प्रकल्पाच्या दुरुस्त्या स्थिर आवृत्तीत आणण्याचे काम किती अंगावर घेतले यामुळे.

ओपनसुसे लीपच्या इन्स्टॉलरनेही केडीई आणि नोम यांना बरोबरीने पुढे ठेवले आहे. फेडोरात केडीई बरीच वर्षे ‘स्पिन’ म्हणजे दुय्यम मानला जात असे. एप्रिल २०२५ च्या फेडोरा ४२ पासून त्याला नोमच्या बरोबरीचा ‘एडिशन’ दर्जा मिळाला. फेडोराची आवृत्ती साधारण तेरा महिनेच चालते, त्यामुळे दरवर्षी अद्ययावत करण्याची तयारी हवी.

आपण मराठी टंकलेखनाचेही विचारले आहे. नोममध्ये आयबस, म्हणजे कळफलकावरून इतर भाषा टंकण्याची सोय, जोडलेलेच असते आणि सेटिंगमधील कीबोर्ड विभागात मराठीचा लेआउट निवडला की काम होते. वेलँडवरील (पडद्यावर चित्र उमटवण्याच्या नव्या पद्धतीवरील) प्लाझ्मामध्ये एफसीआयटीएक्स ५ ही तशीच सोय बसवून सेटिंगमधील ‘व्हर्च्युअल कीबोर्ड’मध्ये ते निवडावे लागते, नाहीतर काही प्रोग्रामांत मराठी उमटते आणि काहींत नाही. एक्सएफसीईमध्ये आयबस बहुधा हाताने बसवावे लागते, आणि त्यानंतर लॉगआउट करून पुन्हा आत यायला विसरू नये.