‘इट इज रेनिंग’मधलं ‘इट’ म्हणजे नेमकं कोण?

प्रश्न सातवीतल्या एका मुलाच्या आईचा आहे. मुलानं वहीत ‘पाऊस पडतोय’चं इंग्रजी ‘इज रेनिंग’ असं लिहिलं. बाईंनी लाल पेनानं पुढे ‘इट’ घातलं. मुलगा घरी येऊन विचारतोय, ‘इट’ म्हणजे ‘ते’, मग ते कोण? ढग? आभाळ? घरात कुणालाच सांगता आलं नाही.

मुलाचा प्रश्न फार चांगला आहे. त्याला आधी सरळ उत्तर द्या : ते कुणीही नाही. त्या ‘इट’ला अर्थ नाही, काम आहे. आणि ते काम कळलं की इंग्रजी वाक्याची रचना अर्धीअधिक कळली असं मी मानतो.

घरी एक करून बघा. तीन चिठ्ठ्या घ्या : ‘रामानं’, ‘रावणाला’, ‘मारलं’. जमिनीवर कशाही मांडा. ‘रावणाला रामानं मारलं’, ‘मारलं रामानं रावणाला’, सहाही प्रकारांत मरतो तो रावणच. फार तर बोलण्याचा जोर बदलतो. कारण कुणी मारलं हे ‘नं’ सांगतो आणि कुणाला मारलं हे ‘ला’ सांगतो. प्रत्यय शब्दाला चिकटलेला आहे, शब्द कुठेही गेला तरी तो सोबत जातो.

आता दुसऱ्या तीन चिठ्ठ्या : ‘राम’, ‘किल्ड’, ‘रावण’. सहा मांडण्यांतल्या दोनच सरळ वाक्य होतात, आणि त्या दोन एकमेकींच्या उलट आहेत. ‘राम किल्ड रावण’ म्हणजे रामायण. ‘रावण किल्ड राम’ म्हणजे अनर्थ. शब्द तेच, त्यांना प्रत्यय कुठलाच नाही. मारणारा कोण हे फक्त जागा सांगते. क्रियापदाच्या आधीची जागा कर्त्याची, नंतरची कर्माची. मराठीत जे काम विभक्ती करते ते इंग्रजीत जागा करते. मुलांना कर्ता-कर्म-क्रियापदाच्या व्याख्या पाठ करायला लावण्याआधी हा चिठ्ठ्यांचा खेळ एकदा तरी खेळावा.

जागेला एवढं महत्त्व असलं की ती रिकामी ठेवून चालत नाही. त्यात इंग्रजी क्रियापद मदतीलाही येत नाही. आपण ‘आलो’ म्हटलं की मी, ‘आलास’ म्हटलं की तू, ‘आली’ म्हटलं की ती. आलो, आलास, आला, आली, आलं, आले, आल्या, या सगळ्यांना इंग्रजीत एकच ‘केम’. नुसतं ‘केम’ म्हटलं तर ऐकणाऱ्याला काहीच कळणार नाही. आपलं क्रियापदच कर्ता सांगतं, म्हणून आपण दिवसभर कर्ता गाळून बोलतो, ‘जेवलास का?’, ‘निघाले’, ‘येतोय’, आणि इंग्रजी लिहिताना तीच सवय नडते. मुलाची चूक निष्काळजीपणाची नाही, ती मराठीची चांगली सवय चुकीच्या ठिकाणी गेली आहे, हेही त्याला सांगा.

प्रश्न विचारतानाही हीच जागा लागते. ‘इट इज रेनिंग’चा प्रश्न करायचा तर पहिल्या दोन शब्दांनी जागा बदलायची : ‘इज इट रेनिंग?’ आपण शेवटी ‘का’ जोडून मोकळे होतो. इंग्रजीला अदलाबदल करावी लागते. मुलाचं ‘इज रेनिंग’ हे विधान की प्रश्न, हे कसं ओळखणार? अदलाबदल करायला तिथे दुसरा शब्दच नाही.

पाऊस असो, ऊन असो, वेळ असो, अंतर असो, जिथे कर्ता म्हणून कुणी सापडतच नाही तिथे इंग्रजी ‘इट’ला बसवते. ‘पाच वाजले’ : ‘इट इज फाइव्ह’. ‘उकडतंय’ : ‘इट इज हॉट’. या ‘उकडतंय’वर जरा थांबू या. इथे उकडणारं कोण? कुणीच नाही. ‘उजाडलं’, ‘सांजावलं’, ‘मळमळतंय’, ‘गडगडतंय’, यांतही कर्ता दाखवता येत नाही. मराठी व्याकरणात यांना भावकर्तृक क्रियापदं म्हणतात. क्रियेचा भाव हाच कर्ता मानायचा. म्हणजे कर्ता नसलेली वाक्यं आपल्याकडेही आहेत, फक्त आपण ती जागा मोकळी ठेवतो. मुलाला विचारा, ‘उजाडलं’मध्ये कोण उजाडलं? त्याला ‘इट’ पटकन पटेल, कारण ‘उजाडलं’च्या शेवटी जो नपुंसकलिंगी ‘लं’ आहे तो जवळजवळ ‘इट’चंच काम करतोय. इटालियनमध्येही पावसाचं वाक्य असंच एका शब्दाचं आहे, ‘पिओवे’. फ्रेंचला मात्र ‘इल प्लो’ म्हणावं लागतं, जर्मनला ‘एस रेग्नेट’. जर्मनमध्ये विभक्ती अजून शाबूत आहे आणि तरीही ‘एस’ लागतं, त्यामुळे विभक्ती गेली म्हणूनच ‘इट’ आलं असं मी म्हणणार नाही.

इंग्रजीचं जुनं रूप आपल्या किती जवळचं होतं हे पाहिलं की मला दर वेळी आनंद होतो. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत नामांना विभक्ती होती, आणि ‘मला भूक लागली’, ‘मला वाटतं’ ही वाक्यं ‘मी’नं सुरू न होता ‘मला’नंच होत. पुढे प्रत्यय झिजले, जागा पक्क्या झाल्या आणि ‘मला’च्या ठिकाणी ‘आय’ येऊन बसलं : ‘आय अॅम हंग्री’, ‘आय थिंक’. जुन्या रचनेचा एक तुकडा शेक्सपिअरच्या नाटकांत अजून भेटतो, ‘मीथिंक्स’. त्यातला ‘मी’ आपला ‘मी’ नव्हे, तो इंग्रजीतला ‘मला’ आहे. ‘मीथिंक्स’ म्हणजे शब्दशः ‘मला वाटतं’. सर्वनामांत ही विभक्ती आजही टिकून आहे : ही-हिम, शी-हर, दे-देम.

आता मुलाला एक कसोटी द्या, म्हणजे प्रत्येक ‘इट’पाशी तो अडखळणार नाही. ‘इट’ काढून तिथे ‘व्हॉट’ घालायचं आणि उत्तर मिळतं का पाहायचं. ‘व्हेअर इज माय बॅग? इट इज ऑन द टेबल.’ व्हॉट इज ऑन द टेबल? दप्तर. हे ‘इट’ खरं, त्याच्यामागे वस्तू आहे. ‘व्हॉट इज रेनिंग?’ या प्रश्नाला उत्तरच नाही, म्हणून ते ‘इट’ केवळ जागा भरणारं.

तिसरा एक प्रकार पुढच्या इयत्तांत भेटेल : ‘इट इज डिफिकल्ट टु गेट अप अर्ली.’ काय कठीण आहे? लवकर उठणं. खरा कर्ता आहे, पण लांबलचक असल्यामुळे मागे राहिलाय. एसटी फलाटाला लागली की आपण खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतो आणि माणूस मागून चढतो, तसं हे ‘इट’ रुमालाचं काम करतं. पावसाच्या ‘इट’मध्येही रुमाल आहे, फक्त मागून कुणी येत नाही. ‘देअर इज अ स्नेक इन द गार्डन’मधलं ‘देअर’ही असाच रुमाल. त्याचा अर्थ ‘तिथे’ असा लावला की मुलं ‘तिथे बागेत साप आहे’ असं भाषांतर करतात. नुसतं ‘बागेत साप आहे’ पुरे.

कर्त्याची जागा इंग्रजी राजरोस मोकळी सोडते ती आज्ञेत : ‘कम हिअर’, ‘सिट डाउन’. समोरच्याला सांगतोय हे उघडच असतं. एकमेकांना पाठवलेल्या निरोपांत इंग्रज लोकही ‘रेनिंग हिअर’ असं लिहितात, आणि मुलगा कधीतरी ते दाखवून वाद घालेल. त्याला सांगा, त्या निरोपात ‘इट इज’ दोन्ही गाळलेत. त्याच्या वहीत ‘इज’ होतं, आणि ‘इज’ आलं की त्याच्या आधी कुणीतरी बसलेलं लागतं.